मागाचा ठोका : सोलापूरच्या पूर्व भागातल्या एका शेडच्या प्रकल्प नोंदी

७ ऑक्टोबर २०२४

शेडची किल्ली मिळाली. पूर्व भागातला बंद पडलेला यंत्रमाग कारखाना. लांबी साधारण १८ मीटर, रुंदी १०, पत्र्यापर्यंत सरासरी उंची ५. खाली शहाबादी फरशी, भिंती विटांच्या, उत्तरेच्या अंगाला काचेची तावदानं. चार माग जागेवर आहेत, बाकीचे भंगारात गेले. दोघांवर जेकार्ड, म्हणजे नक्षीसाठी धागे उचलणारं यंत्र, अजून चढवलेलं आहे आणि पंचकार्डांची, भोकं पाडलेल्या पुठ्ठ्यांची, माळ तशीच लोंबते आहे. मालकांची अट एकच: मागाला भोक पाडायचं नाही, वेल्डिंग करायचं नाही. ही अट मला मनापासून पटली.

काम असं. जानेवारीत सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेला गावात बाहेरची माणसं येतात, त्या सुमाराला शेड खुलं करायचं. आत आलेल्या माणसाने फणीची, म्हणजे आडवा धागा ठोकून बसवणारी, चौकट ढकलली, सुताच्या कांड्या भरायचा रहाट फिरवला, की आवाज आणि चित्र त्याच्या हाताला उत्तर देतील. खुर्च्या मांडून माहितीपट दाखवणं सोपं पडलं असतं. पण १८७७ साली जुनी मिल सुरू झाली तेव्हापासून हे गाव सुतावर जगलं, भोंग्यावर उठलं आणि भोंग्यावर जेवलं. हे काम हाताने करून बघितल्याशिवाय कळत नाही, असं मला वाटतं.

वहीच्या पहिल्या पानावर एक कसोटी लिहून ठेवली आहे: आलेल्या माणसाला एका श्वासात कळलं पाहिजे की ‘हे माझ्यामुळे झालं’. मायरन क्रूगर हा अमेरिकन माणूस १९७० च्या दशकात प्रेक्षकाची सावली पडद्यावर घेऊन तिला उत्तर देणाऱ्या खोल्या बांधत होता. त्याचा सगळा भर प्रतिसादावर होता, चित्र किती देखणं आहे यावर नव्हता. पन्नास वर्षांत यंत्रं बदलली, ही गोष्ट बदललेली नाही.

१० ऑक्टोबर

शेडच्या मधोमध उभं राहून टाळी वाजवली. आवाज पत्र्यावर जाऊन फिरत राहतो, विरतच नाही. बोललेलं वाक्य दहा पावलांवर गढूळ होतं.

हिशेब मांडला. घनफळ ९०० घनमीटर. फरशी, प्लास्टर आणि पत्रा मिळून आवाज शोषणारं क्षेत्र जेमतेम २७ चौरस मीटरइतकं धरता येतं. सॅबिनच्या सूत्राने ०.१६१ गुणिले ९००, भागिले २७, म्हणजे पाच सेकंदांच्या वर घुमणं. फोनवरच्या मोजणीतही तेवढंच येतंय. असल्या जागेत कितीही भारी स्पीकर आणला तरी कालवाकालवच ऐकू येणार.

हे सूत्र ज्याचं, त्या वॉलेस सॅबिन या भौतिकशास्त्रज्ञापुढे १८९५ च्या सुमाराला हार्वर्डमध्ये हाच प्रश्न होता. व्याख्यानाच्या खोलीत शब्द कळत नव्हते. त्याने शेजारच्या नाट्यगृहातल्या बाकांच्या गाद्या रात्री उचलून आणल्या, ऑर्गनची एक नळी आणि घड्याळ घेऊन बसला, आणि किती गाद्यांनी घुमणं किती कमी होतं ते मोजलं. सभागृहांच्या ध्वनिशास्त्राची सुरुवात तिथली.

आपल्याकडे गाद्या कशाला हव्यात, चादरी आहेत की! एक सिंगल चादर साठ बाय नव्वद इंच, म्हणजे साडेतीन चौरस मीटरच्या आसपास. जाड विणीची, जड. भिंतीला चिकटवून न लावता एक वीत अंतर सोडून टांगली तर मधल्या पट्टीतला आवाज बराच पिते. पंचवीसेक चादरी लावल्या तर घुमणं निम्म्यावर यावं. आणि त्या सजावट म्हणून लावलेल्या नसतील, कामाला लागलेल्या असतील. ज्या सोलापुरी चादरीला २००५-०६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, त्याच्या वजनाचा आणि जाडीचा असा उपयोग होतोय याचा मला फार आनंद आहे.

१८ ऑक्टोबर

शेजारच्या चालू कारखान्यात आवाज रेकॉर्ड करायला गेलो. मीटर ९५ डेसिबलच्या खाली यायला तयार नाही. दारापासून दोन मागांच्या आत शिरलं की बोलणं संपतं.

मागाजवळ माईक लावल्यावर पहिली गोष्ट कळली ती ठोक्याची. लांबून तो एकसारखा खट-खट वाटतो, पण आडवा धागा घेऊन जाणारा धोटा एकदा डावीकडून मारला जातो, एकदा उजवीकडून. दोन्ही बाजूंच्या काठ्यांचा आवाज वेगळा असतो, कारण चामडं वेगवेगळं झिजतं. म्हणजे खरा ताल दोन ठोक्यांचा आहे आणि तो जागेत इकडून तिकडे जातो. मिनिटाला शंभर-सव्वाशे ठोके. एकाच माईकवर घेतलं तर यातलं काही उरत नाही. म्हणून मागाच्या दोन टोकांना दोन, आणि फणीच्या मागे एक असे तीन माईक लावून प्रत्येकाचा आवाज वेगळा ठेवला.

दुसरी गोष्ट हातांची. एवढ्या आवाजात ही माणसं दिवसभर गप्पा मारतात, त्या हातांनी. दोन बोटं कात्रीसारखी हलवली की ताण्याचा, म्हणजे उभा, धागा तुटला. मूठ वळवून दाखवली की जॉबरला, म्हणजे माग दुरुस्त करणाऱ्याला, बोलाव. अंगठा ओठांकडे नेला की चहा. माग चालवणाऱ्या अण्णांनी पंधरा पावलांवरून मला हातानेच विचारलं, जेवलास का? मला कळलं. मी मान हलवली.

संध्याकाळपासून डोक्यात तेच आहे. बहुतेक ठिकाणी लोकांना हवेत हात हलवायला लावतात, फोनवर बोट सरकवल्यासारखं. इथे स्वतःची खूणभाषा आहे आणि ती गरजेतून आलेली आहे. बाहेरून आणलेली कुठलीही हालचाल या शेडमध्ये परकी दिसेल.

२४ ऑक्टोबर

सुतारमामांनी चादरी टांगायच्या चौकटींचं माप घेतलं. सागाच्या पट्ट्या नको, जुन्या मागाच्या लाकडातून करू म्हणाले. दिवाळीनंतर मिळतील.

८ नोव्हेंबर

माणसाच्या हालचाली टिपायला अंतर मोजणारा कॅमेरा लावून बघितला. हा कॅमेरा स्वतःचा अवरक्त प्रकाश टाकतो आणि परत आलेल्या प्रकाशावरून अंतर काढतो. सकाळी दहापर्यंत छान चाललं. ऊन चढलं आणि तावदानांतून फरशीवर लख्ख उजेड आला तशी माणसाची आकृती फाटायला लागली, दुपारी तर अर्धा माणूस गायब. दिवसाच्या उजेडातच अवरक्त प्रकाश एवढा असतो की कॅमेऱ्याचा स्वतःचा त्यात बुडून जातो.

तावदानं झाकावी असं टीममधल्या दोघांचं मत. मला ते मान्य नाही. उत्तरेचा उजेड घेणारी तावदानं मागाच्या शेडचा आत्मा आहे, विणताना रंगाची चूक दिसावी म्हणून ती तशी बसवलेली असतात. कॅमेऱ्यासाठी शेड आंधळं करायचं हा उलटा न्याय झाला.

निर्णय: कॅमेरा फक्त खुणांच्या एका कोपऱ्यापुरता, चादरींच्या आडोशाला, जिथे हा उजेड पोहोचत नाही. बाकी सगळं स्पर्शावर. फणीच्या चौकटीला हालचाल ओळखणारी छोटी चिप, क्लॅम्पने धरलेली. लोखंडी अंगाला धक्का ओळखणाऱ्या पिझोच्या चकत्या, दुहेरी टेपवर. मागाला एकही भोक पडणार नाही. मोटर आणि पट्टा काढून टाकायचे, दातेरी चाकांवर जाळी बसवायची. लहान मुलांची बोटं तिथे जाणारच.

१५ नोव्हेंबर

आज पूर्ण दिवस उशिरावर गेला. यंत्राच्या उशिरावर.

चौकट ढकलली आणि ठोका वाजला, पण हात वेगळा आणि आवाज वेगळा असं वाटत राहिलं. एकेक टप्पा मोजला. संदेश वाय-फायवरून येताना कधी ५ मिलिसेकंद लागतात, कधी ४०. तो काढून वायर टाकली. प्युअर डेटा या आवाजाच्या प्रोग्रॅममध्ये बफर, म्हणजे वाजण्याआधी साठणारा आवाज, २५६ नमुन्यांवर आणला, म्हणजे ४८ किलोहर्ट्झला पाच मिलिसेकंदांच्या थोडं वर. तरीही अडखळत होतं.

कारण हवेत होतं. स्पीकर भिंतीवर, सहा मीटर दूर. आवाजाला एक मीटर जायला तीनेक मिलिसेकंद लागतात, म्हणजे नुसत्या हवेतच सतरा-अठरा गेले. आणि त्याहून महत्त्वाचं, हात इथे आणि ठोका तिथून. अंगाला ते पटत नाही.

मग छोटे स्पीकर मागाच्या पोटातच ठेवले, दोन्ही टोकांना, धोट्याच्या पेट्या होत्या त्यांच्या खाली. भिंतीवरच्या मोठ्या स्पीकरांना फक्त दूरच्या शेडचा गुणगुणाट. पुन्हा चौकट ढकलली आणि ठोका हातातच फुटला. डावीकडे, मग उजवीकडे. वायरमनने कसलाही विचार न करता दुसऱ्यांदा ढकलली, तिसऱ्यांदा ढकलली, आणि मग माझ्याकडे बघितलं. कसोटीला उतरलं.

पंधरा-वीस मिलिसेकंदांच्या आत असेल तर माणूस त्याला ‘माझा आवाज’ म्हणतो. चित्राला मात्र थोडी सवलत मिळते, डोळा कानाइतका कडक नाही.

२४ नोव्हेंबर

ही नोंद सविस्तर लिहितो.

चाळीस वर्षं माग चालवलेल्या एका काकांना शेडमध्ये आणलं. सोबत त्यांची मुलगी. घरी ते तेलुगूत बोलतात, माझ्याशी मराठीत. मी उत्साहाने सगळं चालू केलं: ठोके, कांडीची किणकिण, धागा तुटल्याची टिंग. काका शांत उभे. मुलगी म्हणाली, “बाबांना बारीक आवाज ऐकू येत नाहीत.”

हे माहीत असायला हवं अशीच गोष्ट आहे. कारखान्याच्या गोंगाटात वर्षानुवर्षं उभं राहिलेल्या माणसाची श्रवणशक्ती आधी ३ ते ६ किलोहर्ट्झच्या पट्टीत जाते, ४ च्या आसपास सगळ्यात जास्त. कारखान्यांच्या नियमांत आठ तासांच्या पाळीला ९० डेसिबलची मर्यादा आहे, आणि शेडमधला आवाज त्याच्याही वर. ज्या नाजूक आवाजांवर आमची मेहनत चालली होती ते नेमके याच पट्टीतले. म्हणजे ज्यांचं हे शेड, त्यांनाच ते ऐकू येणार नाही, आणि बाहेरून आलेल्या पाहुण्याला मात्र छान ऐकू येईल. असं काम मी लोकांपुढे ठेवणार नाही.

सुतारमामांची एक फळी पडली होती. तिच्या खाली कंप देणारा ट्रान्सड्यूसर बांधला. स्पीकरच, पण कागदी पडदा नसलेला, ज्याला बांधाल ते थरथरवणारा. चारही मागांचे ठोके त्यातून सोडले आणि काकांना तळवा ठेवायला सांगितलं.

त्यांनी डोळे मिटले नाहीत की काही नाही, मागांकडे बघत हात ठेवला. थोड्या वेळाने तिसऱ्या मागाकडे बोट केलं. “हे मागं पडलालंय की. पट्टा ढिला आहे.”

तिसऱ्या मागाचं रेकॉर्डिंग खरंच बाकीच्यांपेक्षा हळू होतं. शेजारच्या कारखान्यातला तो माग त्या दिवशी तसाच चालला होता. आमच्यापैकी एकाच्याही कानाला ते लागलं नव्हतं. त्यांच्या हाताला लागलं.

आजपासून आराखडा बदलला. प्रत्येक मागापुढे उभं राहायला एक लाकडी पाट, प्रत्येकाखाली ट्रान्सड्यूसर. मुख्य ताल १०० हर्ट्झच्या खाली, पायातून. बारीक आवाज वरचे, ज्याला येतील त्याला. धागा तुटल्याची खूण आवाजाबरोबर पाटातल्या खंडातूनही कळेल: ठोका थांबतो. खऱ्या मागावर तसंच होतं. आणि आवाजाची कमाल मर्यादा ८० डेसिबल, कुठेही. खरा गोंगाट दाखवायच्या नादात कोणाच्या कानाला इजा करायची नाही.

२ डिसेंबर

चित्र. पडदा म्हणून चादर वापरून बघितली, गडद रंग सगळा उजेड गिळतात. पेठेतून कोरं मांजरपाट आणलं, चार मीटर बाय अडीच शिवून घेतलं. विणीचा खरखरीतपणा उजेडात दिसतो, ते उत्तम.

प्रोजेक्टर ५००० लुमेनचा, कापड १० चौरस मीटर, म्हणजे कापडावर ५०० लक्स. दुपारी तावदानांच्या बाजूला त्यावर जवळपास तेवढाच दिवसाचा उजेड येतो आणि चित्र पांढरं पडतं. आतल्या भिंतीला उजेड बराच कमी आहे. कापड तिकडे. कमी अंतरावरून मोठं चित्र टाकणारा प्रोजेक्टर घेतल्यामुळे दोन मीटरवरून चार मीटर रुंदी मिळते, आणि माणूस मधे येऊन सावली पडत नाही.

चित्र कुठून आणायचं याचं उत्तर डोक्यावरच लोंबत होतं. जेकार्डच्या माळेतलं एकेक कार्ड खाली काढून काचेवर ठेवलं, खालून दिवा लावून फोटो घेतले. भोक असेल तिथे सुई आत जाते, आकडा उचलला जातो आणि ताण्याचा धागा वर येतो. भोक नसेल तिथे धागा खालीच राहतो. भोक म्हणजे एक, भोक नाही म्हणजे शून्य. जोसेफ मारी जेकार्डने हे १८०४ च्या सुमाराला बसवलं आणि पुढे इंग्रज गणितज्ञ बॅबेजने आपल्या गणनयंत्रासाठी हीच कार्डं घेतली. संगणकाला वाचायला देताना काही रूपांतर करावंच लागलं नाही म्हटलं तरी चालेल.

रात्री नक्षी पडद्यावर ओळीओळीने उतरली. आधी काठ, मग वेल, मग मोराची मान. मालक शेजारी उभे होते. हे डिझाइन वडिलांच्या वेळचं असणार, म्हणाले, त्यांनाही ते आठवत नव्हतं.

आता रचना अशी: चौकटीचा एक ठोका म्हणजे एक कार्ड, म्हणजे नक्षीची एक ओळ. एकट्याने पूर्ण होत नाही. मी सोडून गेलो तिथून पुढचा माणूस धरतो. चादर तशीच होते, एक पाळी सुटते आणि दुसरी उभी राहते.

९ डिसेंबर

कांडीचा रहाट. घरी बसून कांड्या भरणाऱ्या एका अक्कांनी त्यांचा जुना रहाट दिला. चाकाला छोटं चुंबक, बाजूला ते ओळखणारा हॉल सेन्सर. योग्य गतीने फिरवलं तर कांड्या भरणाऱ्या बायकांचे रेकॉर्ड केलेले आवाज स्पष्ट येतात, घाई केली तर विस्कटतात. योग्य गती कुठली, ते मी ठरवलं नाही. अक्कांनी फिरवलं ती मोजून घेतली.

ज्यांचे आवाज घेतले त्यांना रेकॉर्डिंग आधी ऐकवलं. दोघींनी काही वाक्यं काढायला सांगितली, काढली.

१७ डिसेंबर

वीज. गेली, आली, पुन्हा गेली. इथे हे धरूनच चालावं लागतं. रास्पबेरी पाय या छोट्या संगणकांची मेमरी कार्डं अचानक वीज गेल्यावर बिघडतात, म्हणून त्यांची फाइल सिस्टीम फक्त वाचण्यापुरती ठेवली. नक्षी कुठपर्यंत आली हा एकच आकडा वेगळ्या चिपवर जपला जातो. प्रोजेक्टरला स्टॅबिलायझर, संगणकाला यूपीएस, अर्थिंग नवीन करून घेतलं.

राखणदारमामांनी एक एमसीबी वर केला की सगळं आपोआप उभं राहिलं पाहिजे. कीबोर्ड नाही, माउस नाही. आज त्यांनी स्वतः करून बघितलं. दीड मिनिटात शेड चालू.

२६ डिसेंबर

पाट्या लावायच्या का यावर वाद. इथे येणारा मराठी वाचेल, तेलुगू बोलेल, कन्नड बोलेल, दखनी बोलेल. विडी वळणाऱ्या बायका यायच्या आहेत, त्यातल्या काहींना वाचता येत नाही. सूचना लिहायची वेळ आली तर वस्तूच नीट झालेली नाही, असं मी धरतो. पाट जिथे आहे तिथे माणूस उभा राहतो, चौकट छातीसमोर येते, हात जातोच. पाट्या नाहीत. आवाजात मात्र चारही भाषा, जशा कारखान्यात असतात तशा मिसळलेल्या.

५ जानेवारी २०२५

महापालिकेच्या शाळेतली मुलं आली. खुणांच्या कोपऱ्यात कॅमेरा मोठ्यांच्या उंचीला होता, तो खाली घेतला. एका मुलीने बोटांची कात्री केली, तिच्यासमोरच्या मागाचा ठोका थांबला. ती ओरडली, “अम्मा असंच करते!” मग तिने सगळ्यांना शिकवलं. मुलांनी चौकटीवर रांग आपणहून लावली आणि आपल्या ओळी मोजत बसली. मोराला पाय फुटले.

९ जानेवारी

एक सूचना आली: १२ जानेवारीला हुतात्मा दिन, तेव्हा १९३० च्या स्वातंत्र्य आंदोलनाचा आणि त्यापायी सोलापुरात लागलेल्या मार्शल लॉचा, म्हणजे लष्करी कायद्याचा, प्रसंगही आवाजातून उभा करावा, मागाला हात लावला की गोळीबार ऐकू यावा. मी नाही म्हटलं. मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, कुर्बान हुसेन आणि जगन्नाथ शिंदे यांना १९३१ मध्ये त्या दिवशी येरवड्यात फाशी झाली. त्या आंदोलनात गिरणी कामगार होते, हे या शेडमध्ये सांगायलाच हवं. पण हात लावला की आवाज येतो ही रचना खेळाची आहे. जिथे हाताचा आणि परिणामाचा संबंध जोडतो, तिथे गोळी कोणाच्या हातात देणार? त्या दिवशी एका जाणत्या शिक्षकांनी शेडमध्ये उभं राहून ती हकीकत सांगायची असं ठरलं. यंत्र बंद ठेवून.

२ फेब्रुवारी

गड्ड्याची गर्दी ओसरली. शेड मालकांच्या इच्छेने पुढेही चालू राहणार आहे, शनिवार-रविवार.

काय टिकलं: पाट. सगळ्यात जास्त लोक तिथे थांबतात, आणि म्हातारे कामगार नातवंडांना घेऊन तिथेच उभे राहतात. नक्षी तीनदा पूर्ण होऊन पुन्हा काठापासून सुरू झाली. पिझोच्या दोन चकत्या सुटल्या, टेपऐवजी आता मेण आणि क्लॅम्प.

काय बदलायचं: शेजारच्या कारखान्यांतून कापसाचा बारीक रुवा उडत येतो आणि प्रोजेक्टरची जाळी बंद करतो. दर आठवड्याला ब्रश मारायचा, जाळीवर मांजरपाटाचा एक सैल थर. भीती उन्हाळ्याची आहे. मे महिन्यात बाहेर बेचाळीस-त्रेचाळीस अंश असताना पत्र्याखाली वरच्या बाजूला त्याहून जास्त होणार, आणि प्रोजेक्टर चाळिशीच्या आसपास स्वतःच बंद पडतो. त्याला छतावरून काढून कमरेच्या उंचीवर आणायचं, सुतारमामांना पेटी सांगितली आहे, मागून हवा ओढणारा पंखा असलेली. एप्रिलपासून वेळ संध्याकाळी सहा ते नऊ.

देखभाल त्या चालू कारखान्यातले जॉबर बघणार आहेत. त्यांना वायरिंगचा नकाशा मराठीत काढून दिला, प्रत्येक वायरीला सुताच्या रंगाची गाठ बांधली. काल त्यांनी माझ्याशिवाय तिसऱ्या मागाचा सेन्सर बदलला आणि तिथे नव्या रेकॉर्डिंगची मागणी केली, नीट ताणलेल्या पट्ट्याच्या मागाची. काकांचं म्हणणं मात्र ढिल्या पट्ट्याचा आवाज राहू द्या. दोन्ही ठेवतो, आठवड्याआड बदलून.